६६ म्हणजे ६६च: विजेवरच्या मॅशचं तापमान कसं राखायचं

मॅश म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य (माल्ट) भरडून गरम पाण्यात धरून ठेवायचं आणि त्यातल्या स्टार्चची साखर होऊ द्यायची. विजेवर मॅश करणाऱ्यांकडे बहुतेक वेळा तापमान राखणारा कंट्रोलर चांगला असतो, सेन्सरही बरा असतो. तरी एका खेपेला रस गोड आणि पातळ उतरतो, दुसऱ्या खेपेला दाट पण गोडीला कमी. धान्य तेच, पाणी तेच, डिस्प्लेवरचा आकडाही तोच. दोष बहुधा एकाच जागी सापडतो: हीटर गरजेपेक्षा कितीतरी मोठा आणि त्याच्यावरून वाहणारा रस अगदीच थोडा. कंट्रोलर बदलण्याआधी हे दोन बघा.

मी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात कंट्रोल पॅनेल जोडते. फौंड्रीवाल्यांचे कोअर सुकवायचे ओव्हन, हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या, असली कामं. भट्टीत ९०० अंशांवर पाच अंश इकडेतिकडे झाले तरी माल सहसा निघतो. मॅशला दोन अंशही खपत नाहीत. तंत्र तेच, सामान तेच, पण शिस्त कितीतरी कडक लागते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी बनवते ती माल्टची काकवी. मोड आणून वाळवलेला जव आणि थोडी नाचणी भरडून गरम पाण्यात ठेवायची, धान्यातल्या स्टार्चची साखर होऊ द्यायची, रस गाळून आटवायचा. घरात ती दुधात आणि नाचणीच्या सत्त्वात जाते, बहिणीच्या बेकरीत पावाच्या पिठात जाते. बिअर करणारे याच टप्प्याला मॅश म्हणतात आणि रस गाळेपर्यंत दोघांची रीत एकच. पुढे ते यीस्ट घालून आंबवतात, मी आटवते. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा ज्याला त्या वाटेने जायचं असेल त्याने आधी परवाना बघावा.

दोन अंशांनी काय बिघडतं

माल्टमध्ये साखर करणारी दोन एन्झाइम महत्त्वाची. बीटा-अमायलेज स्टार्चच्या साखळीचं टोक धरून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे तोडत जातं. हीच माल्टोज, म्हणजे आपली गोडी. त्याला ६० ते ६५ अंश मानवतात. ६५ ला ते तासभर तग धरतं, ७० च्या वर गेलं की काही मिनिटांत संपतं. अल्फा-अमायलेज साखळी मधूनच कुठेही तोडतं, त्याला ६८ ते ७२ मानवतं आणि ते पंचाहत्तरीपर्यंत टिकून असतं. त्यामुळे ६३-६४ ला धरलेल्या मॅशमध्ये माल्टोज जास्त, ६९-७० ला धरलेल्या मॅशमध्ये डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे अर्धवट तुटलेले तुकडे, जास्त: अंगाला दाट, जिभेला फिका. जवाचा स्टार्च पाण्यात फुलायलाही साठीच्या वरचं तापमान लागतं, म्हणून फार खाली राहूनही भागत नाही. मला काकवीत गोडीही हवी आणि अंगही हवं, म्हणून मी ६६ धरते.

निकामी झालेलं एन्झाइम तापमान उतरवलं म्हणून परत उठत नाही. दहा मिनिटं ७२ आणि पुढची दहा मिनिटं ६० राहिलं तर सरासरी ६६ येते, पण बीटा-अमायलेज पहिल्या दहा मिनिटांतच गेलेलं असतं. मॅशमध्ये सरासरीला काही किंमत नाही. भांड्यातली सगळ्यात गरम जागा कुठली आणि ती किती गरम, यावर सगळा खेळ आहे.

गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतले बुडबुडे बघतो, चार थेंब पाण्यात सोडून गोळी वळते का बघतो आणि ११८ अंशांच्या आसपास काहील उतरवतो. त्याला थर्मामीटर लागत नाही, कारण उसाचा रस प्रत्येक टप्प्यावर खूण देतो. मॅश तशी खूण देत नाही. ६६ चा मॅश आणि ७१ चा मॅश दिसायला, वासाला सारखेच. ब्रिक्समीटर इथे घरोघरी सापडेल, उसाची पक्वता बघायला शेतकरी तो खिशात घालून फिरतात. पण तोही इथे पुरा पडत नाही. तो विरघळलेला सगळा ऐवज मोजतो, त्यात माल्टोज किती आणि डेक्स्ट्रिन किती हे त्याला कळत नाही. एक किलो माल्टला तीन लिटर पाणी धरलं तर पहिल्या रसाचं ब्रिक्स, म्हणजे त्या ऐवजाची टक्केवारी, विसाच्या आसपास येतं, म्हणजे चांगल्या उसाच्या रसाइतकं, आणि तापमान चुकलं असलं तरी जवळपास तेवढंच येतं. म्हणून तापमानावरच डोळा ठेवावा लागतो, दुसरा साक्षीदार नाही.

हीटरचं गणित

हा भाग सावकाश वाचा, बाकी सगळं यावर उभं आहे.

माझा नेहमीचा घाणा १५ लिटर पाणी आणि ५ किलो धान्याचा असतो. पाण्याची उष्णता-धारकता किलोला ४.१९ किलोज्यूल, कोरड्या धान्याची साधारण १.७. म्हणजे हा सगळा मॅश एक अंशाने चढवायला ७१ किलोज्यूल लागतात. ३० लिटरचं स्टीलचं झाकण लावलेलं भांडं ६६ अंशांवर असताना बाहेर जी उष्णता टाकतं ती माझ्या हिशेबाने शंभर ते दीडशे वॅट. म्हणजे तापमान नुसतं धरून ठेवायला दीडशे वॅट पुरतात, आणि आपण खाली बसवलेला असतो २००० वॅटचा हीटर, कारण सुरुवातीला पाणी लवकर तापायला हवं असतं. २८ अंशांचं १५ लिटर पाणी ७१ पर्यंत न्यायला २००० वॅटला तेवीस-चोवीस मिनिटं लागतात. त्या कामाला तो योग्यच आहे. पुढच्या तासाला तो राक्षस आहे.

आता रस पंपाने फिरतो आहे असं धरा, मिनिटाला अडीच लिटर. धान्याच्या जाळीपत्र्याखालच्या, हीटर असलेल्या कप्प्यातून जाताना या धारेला २००० वॅट मिळाले तर ती साडेअकरा अंशांनी चढते. आत येताना ६६, बाहेर पडताना ७७. सेन्सर वर धान्यात खोचलेला असेल तर त्याला हे दिसतच नाही, तो आपला ६५.८, ६५.९ दाखवत राहतो, आणि खाली प्रत्येक फेरीत थोडं थोडं बीटा-अमायलेज मरत असतं. मोकळा रस बारा-तेरा लिटर, मिनिटाला अडीच लिटर, म्हणजे पाच मिनिटांत सगळा रस त्या गरम जागेवरून एकदा जाऊन येतो. तासाभरात बारा वेळा.

हीटर ५०० वॅटवर आणला तर तीच धार २.९ अंशांनी चढते. दीडशे वॅटवर आणला तर एक अंशही नाही. म्हणून सगळ्यात मोठी सुधारणा पैशाने होत नाही, वायरिंगने होते. एकच २००० वॅटचा हीटर घेऊ नका, १००० वॅटचे दोन घ्या. पाणी तापवताना ते पॅरलल जोडलेले, म्हणजे २००० वॅट. मॅश सुरू झाला की तेच दोन सीरिजमध्ये, म्हणजे प्रत्येकाला निम्मं व्होल्टेज आणि दोघांचे मिळून ५०० वॅट. हा बदल रोटरी स्विचने करा, आणि स्विच असा घ्या की मधल्या स्थितीत दोन्ही बंद राहतील. नसेल जमत तर कंट्रोलरमध्ये आउटपुटची कमाल मर्यादा लावायची सोय असते, ती मॅशच्या वेळी २५ टक्क्यांवर आणा. त्यात पूर्ण ताकदीचे छोटे झटके येतात, सीरिजइतका सौम्य ताप मिळत नाही, पण १०० टक्क्यांपेक्षा कितीतरी बरं.

व्होल्टेज उतरलं की वॅट वर्गाच्या प्रमाणात उतरतात. २३० चे २०० झाले तर हीटर तीन-चतुर्थांशच चालतो. धरून ठेवताना याचा त्रास नाही, कारण हातात ताकद भरपूर शिल्लक आहे. चढवताना मात्र घड्याळावर विसंबू नका.

हीटरचं आवरणही बघून घ्या. बादलीत सोडायचा पाणी तापवायचा रॉड इथे अजिबात नको. त्याच्या थोड्याशा पृष्ठभागावर फार ताकद एकवटलेली असते, पिठूळ रस त्यावर करपतो आणि करपलेल्या थराखाली रॉड आणखी तापतो. स्टेनलेस ३०४ चं आवरण, आणि चौरस सेंटिमीटरला ८ वॅटच्या आतली घनता मागा. उद्यमनगरात हीटर बनवणाऱ्याला लांबी आणि व्यास सांगितला की तो गुणून देतो: ८ मिलिमीटर व्यासाची एक मीटर तापणारी लांबी म्हणजे साधारण २५० चौरस सेंटिमीटर. त्यावर १००० वॅट म्हणजे ४. उत्तम.

सेन्सर कुठे

पीटी-१०० घ्या, म्हणजे प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान सांगणारा सेन्सर; के-टाइप थर्मोकपल नको. सर्वसाधारण के-टाइपला अडीच अंश चुकायची सूट मानकातच दिलेली असते. भट्टीला चालेल, आपल्याला नाही. पीटी-१०० चा रोध ० अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशाला ०.३८५ ओहमने वाढतो. क्लास ए, म्हणजे जास्त अचूक प्रतीचा, मागितला तर ६६ अंशांवर त्याची सूट पाव अंशाच्या किंचित वर राहते. तीन वायरींचा घ्या. दोन वायरींच्या सेन्सरमध्ये वायरीचा स्वतःचा रोधही मोजला जातो, आणि वायरीत नुसता एक ओहम असला तरी आकडा अडीच अंशांनी जास्त दिसतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या पॅनेलमध्ये तीन वायरींचा सेन्सर असून दोन वायरी एकत्र पिळून एकाच टर्मिनलमध्ये कोंबलेल्या बघितल्या आहेत. तिसरी वायर ही त्या रोधाची भरपाई करायलाच असते, ती तिच्या टर्मिनललाच गेली पाहिजे.

कंट्रोलरला हुकूम देणारा सेन्सर पंपातून रस बाहेर पडतो तिथे, टी-जोडात बसवा. हीटरवरून आलेली धार तिथे लगेच भेटते, म्हणजे भांड्यातली सगळ्यात गरम जागा तीच. ती जागा ६६ च्या वर जाऊ दिली नाही तर धान्यात कुठेही ६६ च्या वर जाणार नाही. दुसरा, साधा डिजिटल थर्मामीटर धान्याच्या मधोमध ठेवा. तो फक्त बघायला. पहिल्याच्या हातात लगाम, दुसऱ्याकडून खातरी.

सेन्सर थर्मोवेलमध्ये, म्हणजे स्टीलच्या बंद नळीत बसवणार असाल तर आत हवेची पोकळी राहू देऊ नका. सेन्सर सहा मिलिमीटरचा आणि नळी आतून आठची असेल तर मधली ती एक मिलिमीटर हवा आकडा अर्धा-अर्धा मिनिट मागे ठेवते, आणि कंट्रोलर त्या शिळ्या बातमीवर हीटर चालवत राहतो. नळीत उष्णतावाहक पेस्ट भरा, सेन्सर आत सरकवताना ती काठावर किंचित बाहेर आली पाहिजे, मग समजा नळी भरली. टोक रसात व्यासाच्या दहापट तरी बुडालेलं हवं. सहा मिलिमीटरचा सेन्सर असेल तर साठ मिलिमीटर. कमी बुडालेला सेन्सर आपल्या मागच्या दांड्यातून उष्णता बाहेर सोडतो आणि कमी आकडा सांगतो. मग कंट्रोलर मॅश जास्त तापवतो.

सेन्सरची केबल हीटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका.

आकडा खरा आहे का

घरच्या घरी तीन ठिकाणी तपासता येतं. बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये भरा, बर्फाच्या कडेने थोडंच पाणी घाला, ढवळा, पाच मिनिटांनी सेन्सर मधोमध धरा: ०.० आलं पाहिजे. बर्फ तरंगणारं पाणी नको, पाणी मुरलेला बर्फ हवा. दुसरी जागा ताप बघायच्या डिजिटल थर्मामीटरची. तो ३५ ते ४२ च्या दरम्यान एक-दशांश अंशापर्यंत विश्वासाचा असतो, म्हणून कोमट पाण्यात दोन्ही शेजारी-शेजारी धरून चाळीसच्या आसपास ताडून बघा. तिसरी जागा उकळतं पाणी, आणि इथे कोल्हापुरातल्या माणसाने एक लक्षात ठेवायचं. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत, आपल्याकडे पाणी १०० ला उकळत नाही, ९८ च्या आसपास उकळतं. सेन्सर ९८ दाखवतो म्हणून त्यात दोन अंश वाढवून ठेवले तर चांगला सेन्सर बिघडवून ठेवला. पन्हाळ्यावर तर आणखी खाली.

तिन्ही ठिकाणी फरक एकसारखा आला, समजा सगळीकडे ०.६ जास्त, तर कंट्रोलरमधल्या पीव्ही ऑफसेटमध्ये, म्हणजे दिसणाऱ्या आकड्याची दुरुस्ती करायच्या जागी, वजा ०.६ टाका. फरक तापमानाबरोबर वाढत गेला तर ऑफसेटने भागणार नाही. जोडणी बघा किंवा सेन्सर बदला. आणि कंट्रोलरच्या मेनूत इनपुट पीटी-१०० निवडलंय ना, डिस्प्ले एक-दशांश अंशावर ठेवलाय ना, एवढं आधी बघून घ्या.

पीआयडी, एसएसआर आणि जिवाची काळजी

आउटपुट एसएसआरला, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला, जाणार, म्हणून कंट्रोलर एसएसआर आउटपुटवाला घ्या, रिलेवाला नको. सायकल टाइम, म्हणजे चालू-बंदच्या एका फेरीचा वेळ, दोन सेकंद. २००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, एसएसआर ४० अँपिअरचा लावा आणि खाली ॲल्युमिनियमचा हीट सिंक, मध्ये पेस्ट. प्रत्येक अँपिअरला एक ते सव्वा वॅट उष्णता तो स्वतःच तयार करतो. सिंक नसेल तर लवकर जातो.

आणि एसएसआर जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जातो, म्हणजे कंट्रोलर बंद म्हणतो आणि हीटर चालूच राहतो. म्हणून त्याच्या आधी एक कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने चालणारा मोठा स्विच, घाला आणि त्याची कॉइल कंट्रोलरच्या अलार्म रिलेतून न्या. मॅशच्या वेळी अलार्म ७० वर लावला की तापमान तिथे पोचताच कॉन्टॅक्टर सुटतो आणि लाइन तुटते. ओल्या फरशीवर, धातूच्या भांड्यापाशी, हातात पळी घेऊन आपण उभे असतो. तेव्हा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), भांड्याला स्वतंत्र बोल्टने घट्ट बांधलेलं अर्थिंग, आणि योग्य एमसीबी यांच्याशिवाय प्लग लावायचा नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर वेळी दाबून बघायचं. ज्याला हे वायरिंग येत नाही त्याने वायरमनकडूनच करून घ्यावं, यात मी कुणाला सूट देत नाही.

कंट्रोलर पीआयडी पद्धतीचा असतो, म्हणजे लक्ष्यापासूनचा फरक बघून ताकद कमी-जास्त करतो, आणि त्यासाठीचे आकडे तो ऑटोट्यूनमध्ये स्वतः काढतो. ऑटोट्यून साध्या पाण्यावर चालवा, पण पाणी तेवढंच हवं, पंप चालू हवा, हीटर ज्या जोडणीत मॅश करणार त्याच जोडणीत हवा, म्हणजे सीरिजमध्ये. रिकाम्या भांड्यावर किंवा २००० वॅटवर काढलेले आकडे मॅशला लागू पडत नाहीत. धान्य घातल्यावर ओव्हरशूट, म्हणजे तापमान लक्ष्याच्या वर गेलेलं, दिसलं तर प्रपोर्शनल बँड (लक्ष्याजवळचा ज्या पट्ट्यात ताकद हळूहळू उतरते तो) दीडपट करा आणि इंटिग्रल टाइम (उरलेला फरक भरून काढायचा वेळ) वाढवा. सेट पॉइंटच्या खाली एक-दोन दशांश अंश रेंगाळत राहिलं तर राहू द्या, वर मात्र जाऊ देऊ नका.

पंप आणि थर

पंप मॅग्नेटिक ड्राइव्हचा, खाद्यपदार्थांना चालणारा, नळ्या सिलिकॉनच्या. रस भांड्याच्या तळातून ओढायचा, वर धान्यावर पसरून सोडायचा. अडीच लिटरच्या पुढे जोर लावला की धान्याचा थर खाली दाबला जातो, रस झिरपेनासा होतो, तळ रिकामा पडतो आणि हीटर उघडा पडतो. म्हणून पंपाच्या बाहेरच्या बाजूला व्हॉल्व्ह ठेवा आणि पहिली दहा मिनिटं तो निम्माच उघडा.

थर मोकळा राहणं भरडीवर अवलंबून असतं. आमच्या गल्लीतल्या गिरणीत मी जव घेऊन जाते तेव्हा आधीच सांगते, "काका, पीठ नको, भरड पायजे. दाण्याचे दोन-तीन तुकडे, साल तुटू द्यायची नाही." त्यांचं ठरलेलं उत्तर, "व्हय ताई, दगड सैल सोडतो, पर पयलं मूठभर बघून घ्या आन् मग सांगा." ती पहिली मूठ खरंच बघा. पांढरा गाभा उघडा पडलेला आणि साल होडीसारखी अख्खी, अशी भरड हातात आली की पुढचं निम्मं काम झालं. सालींमधूनच रस वाट काढतो.

पंप थांबवून एकदा थर्मामीटर पाच जागी खुपसून बघा: मधोमध वर, मधोमध खाली, आणि कडेला तीन ठिकाणी. एका अंशाच्या आत सगळे आले तर फिरणं बरोबर आहे. कडेला दोन-तीन अंश कमी आले तर रस मधूनच बोगदा करून चाललाय. वरची नळी कडेकडेने फिरेल अशी वळवा, थर हलक्या हाताने मोकळा करा. मी लाकडी उलथन्याने वरचा तीन-चार बोटं थर हलवते, तळापर्यंत जात नाही.

धान्य घालताना

पाणी किती तापवून धान्य घालायचं याचं सूत्र साधं आहे. ०.४१ ला दर किलोमागच्या लिटरने भागा, त्याला लक्ष्य आणि धान्याचं तापमान यांच्या फरकाने गुणा, आणि लक्ष्यात मिळवा. किलोला तीन लिटर, धान्य २८ अंशांवर, लक्ष्य ६६: पाणी ७१.२ हवं. डिसेंबरात सकाळी धान्याचं पोतं १८ अंशांवर असतं, तेव्हा ७२.६. धान्याचं तापमान पोत्यात थर्मामीटर खुपसून घ्या, खोलीचं धरू नका.

पाणी त्या आकड्याला आलं की हीटर बंद, पंप बंद, मग धान्य ढवळत सोडायचं. गुठळ्या मोडायच्या, पाच मिनिटं तसंच ठेवायचं, मग धान्याचं तापमान बघून पंप आणि सीरिजमधला हीटर सुरू करायचा. धान्य घालताना कंट्रोलर चालू ठेवला तर तापमान पडलेलं बघून तो पूर्ण जोर लावतो आणि तळाशी नेमकं तेच होतं जे टाळायला आपण एवढी खटपट केली.

नाचणीची गोष्ट वेगळी. तिच्या स्टार्चला फुलायला जवापेक्षा जास्त तापमान लागतं, ६६ ला ती अर्धी कच्चीच राहते. म्हणून नाचणीचा भरडा आधी शिजवून घ्यायचा, आणि तोच शिजवलेला घाटा मॅश चढवायला वापरायचा. माझं माप असं: ४ किलो जवाचं माल्ट १० लिटर पाण्यात. पाणी साडेएकोणसाठला असेल तर मॅश ५५ वर बसतो. शेजारी १ किलो नाचणी ५ लिटर पाण्यात शिजवलेली, त्यात शिजवण्याआधी मूठभर जवाचं माल्ट घालून ६५-७० ला दहा मिनिटं ठेवलेलं, म्हणजे घाटा गच्च होत नाही. हा घाटा ९० अंशांवर असताना ५५ च्या मॅशमध्ये मिसळला की दोन्ही मिळून ६६ होतं. एकदम ओतायचा नाही. ९० अंशांचा घाटा जिथे पडतो तिथलं एन्झाइम जागच्या जागी मरतं, म्हणून एकाने पळीपळीने सोडायचा आणि दुसऱ्याने सतत ढवळायचं. आकडा ६६ ला पोचला की थांबायचं, घाटा उरला तर तो निवल्यावर घाला. नाचणीला जवासारखी साल नसते, त्यामुळे ती पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नका, थर बसेल.

ज्वारीला मोड आणून घालायची कल्पना कुणाला सुचली तर सांगून ठेवते: ज्वारीच्या कोंबांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. मी ती वापरत नाही.

मॅशचा सामू ५.२ ते ५.६ असावा. पट्टीने बघा, जास्त असेल तर थोडं लिंबू.

घोंगडं आणि वीज गेल्यावर

न गुंडाळलेलं भांडं दीडशे वॅट सोडत असेल तर वीज गेल्यावर मॅश तासाला सात-साडेसात अंश उतरतो. चांगलं गुंडाळलेलं असेल तर अडीच. मी धनगरी घोंगड्याच्या दोन घड्या भांड्याभोवती गुंडाळते आणि एक झाकणावर टाकते. लोकरीच्या आत हवा धरून राहते, आणि चुकून रस सांडला तरी ती भसकन पेटत नाही. हीटरची टर्मिनलं, पंप आणि पॅनेल यांना घोंगडं लागू द्यायचं नाही, ती बाजू एक वीत मोकळी सोडायची. असं गुंडाळलेलं असलं की वीज अर्धा तास गेली तरी झाकण उघडायचं नाही, उघडून बघण्यातच जास्त उष्णता जाते. परत आल्यावर सीरिजवरच चढवा, घाई करून पॅरललवर नको.

झालं की नाही

पाऊण तासानंतर पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत चमचाभर रस घ्या, सालीचा कण येऊ देऊ नका, निवू द्या, त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब सोडा. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे. पिवळट-तांबूस राहिला तर संपला. गरम रसावर ही परीक्षा खोटी उत्तीर्ण होते, आणि साल आली तर ती नेहमीच काळी पडते. तो रस फेकून द्या, भांड्यात परत नको. एक तासानंतरही निळा येत असेल तर तापमान वाढवू नका, आधी पाच जागी मोजा. कुठेतरी थंड कोपरा सापडेल.

परीक्षा झाली की अलार्म ८० वर न्या आणि मॅश ७६ पर्यंत चढवा. ५०० वॅटवर या दहा अंशांना चोवीस मिनिटं लागतात. इथे घाई करायला हरकत नाही, पॅरललवर न्या आणि पंपाचा व्हॉल्व्ह पुरता उघडा. साखर झालेली आहे, आता एन्झाइम थांबवायचीच आहेत, आणि गरम रस पातळ होऊन नीट गळतो. ७८ च्या वर मात्र नको, सालीतला तुरटपणा उतरतो. मग धान्य उचलून निथळू द्या, वरून ७६ अंशांचं चार-पाच लिटर पाणी हळूहळू सोडा.

आटवायला हा हीटर वापरू नका. रस चाळीस ब्रिक्सच्या पुढे गेला की तो कितीही सौम्य हीटरवर चिकटतो. पसरट पातेलं, गॅस, आणि शेवटी मंद आच. ७८ ते ८० ब्रिक्सला उतरवून गरमच बरण्यांत भरली की काकवी टिकते. भांडं आणि हीटर मात्र त्याच दिवशी धुवा. हीटरवर तपकिरी पापुद्रा दिसला तर सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून मऊ फडक्याने काढा, तारेची घासणी लावू नका. पापुद्रा एकाच कडेला जास्त जमलेला असेल तर त्या बाजूने रस वाहत नाहीये. पुढच्या घाण्याआधी तळाचा जाळीपत्रा उचलून तिथे काय अडकलंय ते बघा.